पुढे सरका, मागे भिंत आहे

यवतमाळ जिल्ह्यात साग चुकवून जाता येत नाही. घाटंजीकडे जा, पांढरकवड्याकडे जा. उन्हाळ्यात खराट्यासारखे आणि पावसाळ्यात सुपाएवढी पानं मिरवणारे साग रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभे. अशा मुलखात निवृत्त मास्तराला सुतारकामाचा नाद लागला तर त्यात मास्तराचा काय दोष? आणि नाद लागल्याची पहिली खूण ही, की माणूस लाकडाला हात लावण्याआधी मशीनचा अभ्यास सुरू करतो.

मशीनचं नाव स्लायडिंग कंपाउंड मायटर सॉ. नावाच्या मानाने काम साधं. फळी आडवी ठेवायची आणि फिरतं पातं वरून खाली आणायचं. टेबल फिरवलं की तिरपा काप, फोटोफ्रेमच्या कोपऱ्यात असतो तो ४५ अंशांचा. पातंच कलवलं तर बेव्हल, दोन्ही एकदम केलं तर कंपाउंड. आणि पातं दांड्यांवरून मागेपुढे सरकतं, म्हणून स्लायडिंग. १० इंची पात्याची न सरकणारी मशीन साधारण साडेपाच इंच रुंदीची फळी कापते, सरकणारी १२ इंचांपर्यंत जाते. जेवायला बसायच्या पाटाला साडेपाच इंच पुरत नाहीत. निदान आमच्या घरात तरी नाहीत. म्हणून सरकणारीच घ्यायची, हे ठरलं.

गावातल्या एका दुकानात विचारलं, तर दुकानदाराने ग्रिल-शटरवाले वापरतात ती कटऑफ मशीन समोर ठेवली. ‘‘काकाजी, हे लोखंड कापते. लाकडाची काय गोष्ट सांगता!’’ तिच्यात दातेरी पातं नसतं, घासून कापणारी चकती असते. लाकूड कापण्याऐवजी जळतं, हे मी सविस्तर समजावलं. त्याने माझ्याकडे जसं पाहिलं, तसं दहावीच्या वर्गाने माझ्याकडे कायम पाहिलेलं आहे.

खरी अडचण जागेची. माझा कारखाना म्हणजे मागची सपरी. सरकत्या मशीनचे दांडे मागे निघतात, त्यामुळे ती भिंतीपासून चांगली हातभर पुढे ठेवावी लागते. तेवढ्या जागेत आमच्याकडे आईची बाज आहे. आई नव्वदीच्या घरात आहे आणि बाज हलवण्याचा विषय काढण्याइतका मी अजून मोठा झालेलो नाही. यावर कंपन्यांनी तोड काढली आहे. काही मशीनचे दांडे जागीच राहतात आणि पातं त्यांच्यावरून पुढे येतं, काहींना दांड्यांऐवजी कोपरासारखे मुडपणारे हात असतात. दोन्ही भिंतीला चिकटून बसतात आणि दोन्हींची किंमत ऐकून माणूस भिंतीला टेकतो.

लेझरच्या लाल रेघेचा मोह मी आधीच सोडला. आमच्याकडे एप्रिल-मेच्या उजेडात माणूस धड दिसत नाही, रेघ कुठून दिसणार? त्यापेक्षा पात्यामागे दिवा लावून त्याची सावली फळीवर पाडणारी सोय बरी. मग वायरमन आला. १८०० वॅटची मशीन २३० व्होल्टवर जवळपास ८ अँपिअर ओढते, तेव्हा सपरीतला ६ अँपिअरचा सॉकेट बाद, १६चा हवा. तो म्हणाला, ‘‘लाइन किचनमधून आणा लागते.’’ म्हणजे प्रकरण गृहखात्याकडे गेलं.

त्याआधी मी आमच्या वाढईबुवांचा सल्ला घेतला. हे गृहस्थ फरशी कापायच्या कटरला लाकडाचं चार इंची पातं बसवून अख्खी स्वयंपाकघरं उभी करतात. आमच्या भागात बहुतेक काम असंच चालतं, आणि बोटं जातात तीही अशीच. मायटर सॉमध्ये फळी टेकून, दाबून बसते आणि पात्यावर झाकण असतं. मला विचाराल तर तेवढ्यासाठीसुद्धा पैसे मोजावेत. बुवांनी सगळं शांतपणे ऐकलं.

‘‘पण गुरुजी, हे कंपाउंड कायले लागते?’’

‘‘तिरप्या बाजूंची पेटी. पाळणा.’’

‘‘पाळणा?’’ त्यांनी माझ्या पिकल्या केसांकडे पाहिलं.

मी घाईने तान्ह्या पोळ्यावर आलो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भातली पोरं लाकडी बैल सजवून मिरवतात. नातीसाठी असा बैल करीन म्हटलं. बुवा विचारात पडले. ‘‘बैल तं जमते. पण मशीन सरळच कापते न जी? वशिंड किती डिग्रीचं असते?’’

लाकडाचा प्रश्न निराळाच. भावाच्या धुऱ्यावर एक जुना साग आहे. आपल्या धुऱ्यावरचा म्हणून काय झालं? १९६४च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग आहे. आधी अर्ज आणि परवानगी, मग लाकडावर हातोड्याचा ठसा, मग वाहतुकीचा पास. कायदा योग्यच आहे, नाहीतर वर वर्णन केलेले साग मला केवळ आठवणीतून लिहावे लागले असते. पण मिनिटाला पाच हजार फेरे मारणारं पातं घ्यायचं आणि त्याच्याखाली पॅकिंगच्या खोक्यांचा पाइन घालायचा, हे सागाच्या जिल्ह्यात जरा जिवावर येतं.

शेवटी १० इंची, पातं एकाच बाजूला कलणारी, भिंतीला चिकटणारी मशीन नक्की केली आणि रात्री जेवताना किचनमधून लाइन घेण्याची गोष्ट काढली. बायकोने शांतपणे भाजी वाढली.

‘‘घ्या की. देवघराचं दार पावसाळ्यापासून फुगलंय, चौकटीला घासतं. उभ्या बाजूने दोन सूत काढायचंय. तुमच्या मशीनवर होईल ना?’’

नाही होत. मायटर सॉ फळी आडवी कापते. दाराची उभी कड तिच्यावर छिलता येत नाही. तिथे रंधाच लागतो. विजेवर चालणारा रंधा ८२ मिलिमीटर रुंदीचा येतो, ११०चाही येतो, आणि त्याला ६ अँपिअरचा सॉकेट पुरतो. ८२ की ११०, यावर सध्या माझा अभ्यास चालू आहे.