बुफे सोडून पळाले हो!

ऐकलंत का? पवनेच्या काठी म्हणे आता लोक रात्रीचे पळून जातात. जोडीनं पळाले तर एक वेळ समजू शकतो, पण इथं अख्खा ग्रुपच्या ग्रुप पसार! तंबू काठावर, बॅगा तंबूत, जेवणासकट सगळे पैसे आगाऊ भरलेले. आणि मंडळी मोबाइलच्या उजेडात शेजारच्या वाडीत कुणा मावशींच्या ओसरीवर पिठलं-भाकरी ओरपताहेत. तेही मालकाला न सांगता. काय म्हणावं या पिढीला?

आधी त्या तंबूंचं खूळ तर घ्या. मावळातलं हे पवना धरण. याच्या पाण्यावर पिंपरी-चिंचवडचे नळ चालतात, आणि भोवती लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना असे चार-चार गड. शनिवार उजाडला की पुण्या-मुंबईच्या गाड्या कामशेतवरून नाहीतर लोणावळ्याकडून आत शिरतात आणि पवनानगरला (जुनी माणसं अजून काले कॉलनीच म्हणतात) एकमेकींच्या नाकाला नाक लावून उभ्या राहतात. घरी गादी जरा कडक निघाली तर दुकानदाराशी भांडणारी ही माणसं. इथं पैसे मोजून जमिनीवर झोपतात आणि सकाळी पाठ धरून म्हणतात, काय फ्रेश वाटतंय!

दिवसभर मात्र अंग मोडून मेहनत हं. सकाळी तिकोना, दुपारी कयाक, मध्येच व्हॉलीबॉल. पाण्यात उतरू नका अशी पाटी असते. तिचा उपयोग टॉवेल वाळत घालायला. माणसं बुडाल्याच्या बातम्या इथून येतच असतात, पण पाटी वाचायला वेळ कुणाला आहे? तर एवढं सगळं झाल्यावर भूक लागते, आणि खरा तमाशा तिथून सुरू होतो.

पाचला चहा-भजी, आठला बार्बेक्यू, दहाच्या सुमारास बुफे, सकाळी पोहे. कॅम्प बदला, काठ बदला, वेळापत्रक बदलायचं नाही. बार्बेक्यू म्हणजे काय, तर सळईत टोचलेलं चिकन किंवा पनीर, अर्धवट पेटलेले कोळसे आणि पुठ्ठ्यानं वारा घालणारे तुम्ही स्वतः. पैसे देऊन स्वयंपाकही आपणच करायचा! बाजूला गिटारवाला तीच ती विरहाची गाणी गातोय, धूर डोळ्यात, त्यामुळे रडू नेमकं कशाचं येतंय तेही कळत नाही. मग बुफे. पनीर बटर मसाला, दाल तडका, जिरा राईस, गुलाबजाम. गुरुवारी हिंजवडीच्या कँटीनमध्ये जे टाळलं, तेच शनिवारी तळ्याकाठी रांग लावून वाढून घ्यायचं.

त्यातला जिरा राईस तर मला अपमानच वाटतो. आजूबाजूला बघा, सगळी भातखाचरं. इंद्रायणी तांदूळ याच मावळातल्या भात संशोधन केंद्राचा, 1987 सालचा, रक्तात आंबेमोहोर. शिजायला लागला की शेजारच्या घरात कळतं. पण तो पडतो मऊ आणि चिकट, बुफेच्या भांड्यात तासभर ठेवला की गोळा. म्हणून मग लांब, मोकळ्या, सुट्या दाण्याचा तांदूळ बाहेरून आणायचा आणि इंद्रायणीच्या बांधावर बसून खायचा. बोला!

तेव्हा मंडळी पळतात त्याचं आश्चर्य नाही. पण जिथं पळतात तिथल्या भानगडी ऐका. मावळ भाताचा मुलूख, घरातली रोजची भाकरी तांदळाची नाहीतर नाचणीची. शहरातल्या पाहुण्याला मात्र ‘अस्सल गावरान’ म्हणजे ज्वारी किंवा बाजरीच हवी, टीव्हीवर तशीच असते ना! मग मावशी बिचाऱ्या बाजारातून ज्वारीचं पीठ विकत आणतात आणि मावळात बसून देशावरची भाकरी थापतात. पाहुणे डोळे मिटून म्हणतात, इथल्या मातीची चव!

चुलीचं तर विचारूच नका. घरच्यांचा चहा आत गॅसवर, पाहुण्यांची भाकरी बाहेर चुलीवर. चूल पेटवायची ती फोटोपुरती दिसावी अशी, अंगणात. धूर जास्त झाला तर तक्रार, धूर नसला तर संशय. आणि गावठी कोंबडीचा रस्सा हवा असेल तर सकाळीच फोन करावा लागतो. रात्री साडेनऊला उगवून कोंबडी मागितलीत तर मावशी थंडपणे सांगतात, झोपली ती.

मला विचाराल तर (कुणी विचारत नाही) गुन्हा असला तरी पोटाशी घालण्यासारखा आहे. धरणात ज्यांची खाचरं बुडाली त्यांच्या ओसरीवर चार पैसे जात असतील तर जाऊ देत की. फक्त एकदा तांदळाची भाकरी मागून बघा, इंद्रायणीचा भात मागून बघा. मावशी आधी तुमच्याकडे बघतील, मग आतल्या डब्यातलं काढतील.

परतीचं सांगण्यासारखं काही नाही. जुन्या हायवेला मिसळ, लोणावळ्यात चिक्की, आणि ‘डाएट सोमवारपासून’.

ताजी खबर निराळीच. पाहुणे पळतात हे कॅम्पवाल्यांना कळलंय म्हणे. आता फलक लागताहेत: गावरान बुफे! पनीरशेजारी स्टीलच्या झाकणाखाली, खाली निळी ज्योत, पिठलं. वर कोथिंबीर नक्षीदार पेरलेली, शेजारी इवलासा काटा. पिठल्याला काटा, अहो!