खोकणाऱ्या टेकडीवर हजामत

डोंबिवलीहून निघताना मी ठरवलं होतं, सिंगापुरात डॉलरला रुपयांनी गुणायचं नाही. चांगी विमानतळावरची पहिली कॉफी येईपर्यंत हा निश्चय टिकला.

मुलगी राहते बुकित बातोकला. मलयमध्ये बुकित म्हणजे टेकडी आणि बातुक म्हणजे खोकला. इथल्या ग्रॅनाइटच्या खाणींत सुरुंग उडाले की टेकडी खोकल्यासारखी वाटायची, म्हणून हे नाव, असं एक मत. आता खाणी बंद. एकीत पाणी साठून तळं झालंय, आणि त्यातल्या कड्यांवरून तिला लोक ‘लिटल गुइलिन’ म्हणतात. आमच्याकडे बंद खाणीत कचरा पडतो. इथे नवरा-नवरी फोटो काढायला येतात.

रोज सकाळी मोत्याला तिथे फिरवून आणणं, ही माझी नेमणूक. मोत्या म्हणजे लेकीचा शिह त्झू. एचडीबीच्या सरकारी फ्लॅटमध्ये कुत्रा एकच पाळता येतो, तोही यादीत बसणाऱ्या छोट्या जातीचा. नाव मी सुचवलेलं. आठव्या मजल्यावरच्या चिनी आंटी मात्र त्याला ‘मोची’ म्हणतात. आमच्याकडे मोची चपला शिवतो, हा फाडतो.

एका संध्याकाळी कळलं, की मोत्याचे केस कापायचे 80 डॉलर पडतात. पाच हजारांच्या वर! आणि दर सहा आठवड्यांनी. मी स्वतः 12 डॉलरमध्ये दहा मिनिटांत मोकळा झालो होतो, आणि माझं शिल्लक पीक बघता तेही जास्तच होते. सरकारसुद्धा त्याच्या वर्षभराच्या परवान्याचे फक्त 15 डॉलर घेतं.

“बाबा, तुम्ही यात पडू नका,” लेक म्हणाली. ती ऑफिसला गेल्यावर मी पडलो.

पहिली चूक, आंघोळ आधी घातली. या जातीचे केस माणसासारखे वाढतच राहतात, आणि इथल्या दमट हवेत कानामागे, काखेत त्यांचा गुंता होतो. तो कोरडा असतानाच बोटांनी हळूहळू सोडवून विंचरायचा असतो; पाणी लागलं की आवळून बसतो. हे ज्ञान मला झालं तेव्हा मोत्याच्या काखेत घोंगडी विणून तयार होती. तो अंग झाडून मोकळा झाला. मी, आरसा आणि छत ओले झालो.

“अहो, त्याला माझा शाम्पू नाही ना लावलात?” ही बाहेरून ओरडली. मला वाटलं, काळजी शाम्पूची आहे. पण माणसाचा शाम्पू कुत्र्याच्या कातडीला सोसत नाही, हे तिला ठाऊक होतं. या घरात मला सोडून सगळ्यांना सगळं ठाऊक असतं.

मग जावईबापूंचं दाढीचं मशीन. दर पाच मिनिटांनी ते तापे. पातं मनगटाला लावून बघायचं, चटका बसला तर थांबायचं. माझं मनगट निबर, म्हणून हिचं वापरलं. डावी बाजू छान झाली. उजवी तिच्याशी जुळवायला गेलो, ती जास्त उतरली. मग पुन्हा डावी. डगमगणाऱ्या टेबलाचे पाय कापून सारखे करणाऱ्यांना ही पद्धत माहीत असेल.

नखं काळी होती. काळ्या नखातली रक्ताची शीर दिसत नाही, म्हणून टोक किंचितच कापायचं. तिसऱ्या नखाला माझं ‘किंचित’ चुकलं. मी खुर्चीत बसलो. हिने कॉर्नफ्लॉरची चिमूट दाबून धरली, रक्त थांबलं. उरलेल्या नखांना मी अभय दिलं.

मशीन पुसून जागेवर ठेवलं. जावईबापू अजून काही बोललेले नाहीत. फक्त हल्ली दाढी करताना शिंकतात.

संध्याकाळी मोत्याला खाली न्यावंच लागलं. अकराव्या मजल्यावर लिफ्टमध्ये एक गृहस्थ आले. त्यांनी मोत्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे, आणि तोंडापुढे मूठ धरून ते खोकले. आठव्या मजल्यावर आंटी आल्या.

“मोची?” त्यांनी ओळख पटवण्यासाठी विचारलं.

मी मान डोलावली. त्याही खोकल्या.