चीफसाहेबांचं रविवारचं आंबट

चीफसाहेब जन्मभर जहाजाच्या इंजिनरूममध्ये राहिले आणि निवृत्त झाल्यावर थेट स्वयंपाकघरात शिरले. उकाडा दोन्हीकडे सारखाच आणि हुकूमही दोन्हीकडे सोडता येतात, असा त्यांचा हिशेब. तिथे आधीपासून एक चीफ बसलेली आहे, ही बाब हिशेबातून सुटली.

मर्चंट नेव्हीतून उतरलेला हा प्राणी अंधेरीपासून मुलुंडपर्यंत कुठेही भेटतो. कुलपात तेल घालायचं असलं तरी तो त्याला 'ओव्हरहॉल' म्हणतो आणि अडीच वाजले तर 'चौदाशे तीस' सांगतो. आमचा नमुना बोरिवली पश्चिमेला, आय. सी. कॉलनीच्या अलीकडच्या सोसायटीत आहे. त्यांना सगळे चीफसाहेब म्हणतात. वहिनी 'अहो' म्हणतात. रविवारी सकाळी तेवढंही म्हणत नाहीत.

कारण रविवारी सिनिगांग असतं. सिनिगांग म्हणजे फिलिपिन्समधला डुकराच्या मटणाचा आणि भाज्यांचा आंबट रस्सा. जगभरच्या जहाजांवर खलाशी म्हणून सगळ्यात जास्त माणसं फिलिपिन्सची, त्यामुळे चीफसाहेबांनी अर्धं आयुष्य त्यांच्याच हातचं खाल्लं. डोरीन फर्नांडिस या लेखिकेनं १९७६ साली लिहून ठेवलंय की फिलिपिनो चवीची खरी ओळख अडोबो नव्हे, सिनिगांग. हे चीफसाहेब डुकराचं मटण विकणाऱ्या कोल्ड स्टोरेजवाल्या अंकलना दर खेपेला ऐकवतात. पहिल्यांदा ऐकल्यावर अंकलनी चौकशी केली, "फर्नांडिस? वसईची काय?" मग स्पॅनिश गव्हर्नरनं १८४९ साली आडनावांची यादी काढून फिलिपिनो लोकांना ती कशी वाटली, यावर काउंटरपाशी व्याख्यान झालं. मागे रांगेत सॉसेजवाले तिष्ठत उभे.

हाडाचे आणि चरबीचे तुकडे घरी आले की काम सुरू. वहिनींच्या अटीप्रमाणे पातेलं वेगळं आणि त्याचा मुक्काम ड्राय बाल्कनीत. कापायचे पाट रंगवार: कच्च्या मटणाला लाल, भाजीला हिरवा. पाण्याला उकळी आली की वर येणारा मळकट फेस डावानं काढायचा, मग कांदा-टोमॅटो टाकून मंद आचेवर तासभर तरी शिजवायचं. नंतर तरंगणारी चरबी. जहाजावरून समुद्रात सोडायच्या पाण्यात तेल दहा लाखांत १५ भागांपेक्षा जास्त चालत नाही. चीफसाहेब पातेल्यावर चष्मा लावून वाकतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे तोच आकडा असतो. वहिनींनी एकदा कांद्याची सालं सिंकमध्ये टाकली, तर जहाजांनी समुद्र घाण करू नये म्हणून केलेला मार्पोल करार निघाला: न दळलेलं खरकटं किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत टाकायला बंदी आहे. "मग गोराईच्या पलीकडे टाकून या," वहिनी म्हणाल्या.

गंमत अशी की या परदेशी पदार्थात परदेशी जवळजवळ काहीच नाही. अळकुड्या, मुळा, चवळीच्या शेंगा, वांगी, भेंडी, लांब हिरव्या मिरच्या, आंबटाला चिंच आणि पाण्याच्या जागी तांदळाचं धुवण. कांगकोंगचा पाला म्हणजे आपली नाळीची भाजी. बोरिवली स्टेशनबाहेरच्या भाजीवालीकडे बहुतेक सगळं एका फेरीत मिळतं. बाहेरून आणावं लागतं ते फक्त पातिस, म्हणजे खारवलेल्या मासळीचं पाणी. पण चीफसाहेबांना हे कबूल नाही. इथला मुळा "तिखट" आहे, भेंडी "लूज" आहे. हळद नाही, मसाला नाही, फोडणी नाही. वहिनींच्या आईंनी वरून पाहून विचारलं, "घरात कुणी आजारी आहे का?"

मसाला नसल्यामुळेच एक भानगड झाली. जिन्यात वास येतो तो निव्वळ चिंचेचा. त्याच मजल्यावर राहणारे सोसायटीचे सेक्रेटरी कडक शाकाहारी. एका रविवारी त्यांनी नाक वर करून दाद दिली, "वाह चीफसाहेब, आज सांबार! एक वाटी पाठवा हां." चीफसाहेबांचा चेहरा, बॉयलर बंद पडला असावा तसा. वहिनींनी मात्र शांतपणे डाळ लावली. तेव्हापासून दर रविवारी त्या घरात दोन आंबटं शिजतात: ड्राय बाल्कनीत चीफसाहेबांचं आणि गॅसवर सेक्रेटरींचं. दुसऱ्याला मागणी जास्त आहे.

जेवताना मूळ कथा येते. जहाजावर जाताना चीफसाहेब बॅगेत चिंच, गूळ आणि गोडा मसाला न्यायचे. आमटीवाचून जीव कासावीस व्हायचा. एका सफरीत फिलिपिनो कुकची सिनिगांगची पाकिटं संपली. त्यानं चीफसाहेबांच्या चिंचेचा गोळा उचलला आणि सगळ्या क्रूला सिनिगांग घातलं. चीफसाहेब भांडायला म्हणून मेसमध्ये गेले आणि तीनदा भात घेऊन उठले. ही घटना कधी पनामा कालव्याच्या तोंडाशी घडते, कधी बिस्केच्या उपसागरात वादळात. चिंच मात्र प्रत्येक वेळी बोरिवलीचीच असते.

वहिनींना शंका आहे की या माणसाला सिनिगांग मुळात आवडतच नाही. "तिकडे होते तेव्हा फोन करून आमटीसाठी रडायचे. आता आमटी वाढली की सिनिगांग आठवतं." माझं मत वहिनींच्या बाजूनं आहे. चीफसाहेबांना पुन्हा जहाजावर पाठवलं तर दुसऱ्याच दिवशी ते सेक्रेटरींच्या वाट्याचं सांबार मागतील.

तरी रविवारचं बोलावणं आलं तर जरूर जा. रस्सा खरोखर झकास असतो; अळकुड्या विरघळून तो दाटसर होतो आणि मुळा आंबट पिऊन गोड लागतो. भात भरपूर घ्या, पातिसमध्ये मिरची चुरडून बाजूला ठेवा. इंजिनातलं काहीही विचारू नका. आणि जिन्यात सेक्रेटरी भेटले तर सांबार उत्तम होतं, एवढंच सांगा.