हॉब्सनचा घोडा

इंग्रजीत 'हॉब्सन्स चॉइस' म्हणजे समोर आहे ते घ्या, नाहीतर चालू लागा. निवडीचे स्वातंत्र्य गिऱ्हाइकाला पुरेपूर असते. फक्त निवडण्याजोगी वस्तू एकच असते.

हा हॉब्सन काल्पनिक नाही. थॉमस हॉब्सन (१५४४–१६३१) केंब्रिजचा. गाडी आणि घोडे वडिलोपार्जित. केंब्रिज ते लंडन टपाल, सामान आणि माणसे पोहोचवणे हा धंदा. मोकळे घोडे तबेल्यात नुसते चारा खात उभे राहणार, त्यापेक्षा ते भाड्याने दिलेले बरे, हा त्याचा हिशेब. गिऱ्हाईक बहुतेक विद्यापीठातले विद्यार्थी. भाड्याच्या घोड्यावर दया दाखवण्याची पद्धत विद्यार्थ्यांत तेव्हाही नव्हती. प्रत्येकाला तगडा, देखणा घोडाच हवा आणि तो उधळतच न्यायचा. घोडा फेसाळलेल्या तोंडाने परत येतो न येतो तोच दुसरा पोरगा त्याच्याच पाठीवर डोळा ठेवून हजर. देखणेपणाची एवढी शिक्षा घोड्याने का भोगावी?

हॉब्सनने नियम केला: दाराशी उभा असेल तोच घोडा मिळेल. परतलेला घोडा रांगेत मागे. प्रीपेड रिक्षाच्या रांगेत पुढची रिक्षा नाकारणाऱ्याची जी गत होते, तीच इथे नखरे करणाऱ्याची. १७१२ साली रिचर्ड स्टील याने 'स्पेक्टेटर'मध्ये हा किस्सा लिहिला. त्यात चाळीस धडधाकट घोडे आहेत, बूट, लगाम आणि चाबूकही तयार आहेत, आणि एवढा थाट पाहून झाल्यावर गिऱ्हाइकाच्या वाट्याला येतो तो दारालगतचाच. बंधन माणसावर पडले, विसावा घोड्यांना मिळाला. दुकानदाराचा हट्ट म्हणून हा नियम बदनाम झाला खरा, पण त्या तबेल्यात सर्वांत शहाणा निर्णय तोच होता.

स्टीलच्या लेखामुळे गोष्ट सर्वतोमुखी झाली, तरी वाक्प्रचार त्याच्या आधीचा. १६६० च्या एका पुस्तकात तो म्हण म्हणूनच आलेला आहे.

१६३० साली प्लेगमुळे हॉब्सनच्या लंडनच्या खेपा बंद झाल्या आणि १ जानेवारी १६३१ रोजी तो वारला. तेव्हा केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या जॉन मिल्टनने त्याच्यावर दोन विनोदी मृत्युलेख कवितेत रचले. आयुष्यभर रस्त्यावर असलेला गाडीवान घरी बसला, म्हणूनच मृत्यूला सापडला, असा त्यांचा रोख. पुढे 'पॅरडाइज लॉस्ट' लिहिणाऱ्या कवीला एका गाडीवानाची दखल घ्यावीशी वाटली, हे विशेषच.

हा वाक्प्रचार हल्ली दोन अडचणींपैकी एक पत्करण्याच्या पेचालाही लावतात. ते चूक, हॉब्सनकडे दुसरा घोडा मिळतच नसे. काही जण त्याला 'हॉब्सचा चॉइस' म्हणतात. थॉमस हॉब्स हा त्याच शतकातला तत्त्वज्ञ. घोड्यांच्या धंद्याशी त्याचा संबंध नव्हता.