पंचमुखी

आमच्या ओट्याखालचा खण गेली कित्येक वर्षं अर्धाच उघडतो. आत रवी आडवी येते. ती सरकवावी तर झारा अडकतो आणि झारा सोडवेपर्यंत किसणी बोटाचा समाचार घेते. बायको मात्र दोन बोटं आत घालते, मनगट जरासं वळवते आणि हवी ती वस्तू बाहेर काढते. मला हे कधी साधलं नाही. म्हणून निवृत्त झाल्यावर पहिल्याच महिन्यात मी जाहीर केलं, "या खणात यापुढे एकच वस्तू राहील. ती मी बनवणार."

"आणि बाकीच्या कुठे ठेवायच्या?" एवढंच तिने विचारलं.

34 वर्षं टूलरूममध्ये काढलेल्या माणसाला अशा प्रश्नाने रोखता येत नाही. मी रीतसर ड्रॉइंग काढलं. समोरून, बाजूने, वरून. पुढे उलथन्याचं पातं. पात्याला चार-चार मिलिमीटरची भोकं, म्हणजे झारा झाला. पातं जरा खोलगट, म्हणजे पळी झाली. डाव्या कडेला दाते, ती किसणी. दांड्याच्या दुसऱ्या टोकाला भरीव गोळा, लसूण ठेचायला. पाच कामं आणि दांडा एक. नाव ठेवलं 'पंचमुखी'.

पहिला नमुना पितळेचा करायचा ठरवून कसबा पेठेतली तांबट आळी गाठली. पितळेवर ठोके पडत गेले की ते कडक होत जातं आणि हट्टाने ठोकत राहिलं तर तडकतं. म्हणून मधूनमधून तांबडं होईस्तोवर तापवून त्याला पुन्हा मऊ करून घ्यावं लागतं. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. कारागिराला ते आवाजावरून कळत होतं. त्याने माझा कागद उलटसुलट फिरवून पाहिला आणि म्हणाला, "करून देतो साहेब. पण हे धरायचं कुठून?"

प्रश्न मी हसण्यावारी नेला.

उद्घाटनाला कढी होती. ढवळून झाल्यावर पंचमुखी पातेल्यातच राहिलं आणि तासाभरात कढी कळकली. आंबट ताक आणि पितळ यांचं वैर आजीला माहीत होतं, मला नव्हतं. यावरचा उपायही आजीच्याच काळातला: कल्हई. नवसागराचा पांढरा धूर, वर कापसाच्या बोळ्याने फिरवलेलं चकचकीत कथील. पण कथील 232 अंशांना वितळतं आणि रिकामा तवा मोठ्या आचेवर तो आकडा सहज ओलांडतो. म्हणजे कढीला कल्हई हवी आणि तव्यावर ती टिकणार नाही. पळी आणि उलथनं या माझ्या दोन तोंडांचं पहिल्याच दिवशी बोलणं बंद झालं.

दुसरा नमुना स्टेनलेस स्टीलचा. 18 टक्के क्रोमियम, 8 टक्के निकेल. कळकायचं नावच नको. किसताना पातं लवू नये म्हणून पत्रा दोन मिलिमीटर जाडीचा घेतला. मग थालीपीठ लावलं. उलथन्याची कड पातळ आणि लवचिक असते ती कशासाठी, हे मला त्या संध्याकाळी समजलं. माझं पंचमुखी थालीपीठाखाली शिरलंच नाही. ते त्याला ढकलत तव्याच्या काठापर्यंत घेऊन गेलं आणि वाटेत दात्यांनी कडेचा कांदा ओढून घेतला. पळी म्हणून आमटीत घातलं, तर आमटी भोकांतून गळून गेली आणि दोन शेवग्याच्या शेंगा तेवढ्या वर राहिल्या. शेवटी लसूण. लसूण ठेचायला पंचमुखी उलटं धरावं लागतं, आणि ते उलटं धरलं की आमटीने माखलेलं पातं वर होऊन बाहीत शिरतं. धरायचं कुठून, ते तो कारागीर उगाच विचारत नव्हता.

घरात त्या वस्तूला कोणी नावाने हाक मारेना. "ते तुमचं" एवढाच उल्लेख. खरं तर आमच्याकडे नावांची टंचाई नाही. आई कोकणातली, ती कालथा म्हणायची. बायको नागपूरची, ती सराटा म्हणते. मी उलथनं म्हणतो. एका वस्तूला तीन नावं, तरी थालीपीठ कधी करपलं नाही. आणि मी पाच वस्तूंना मिळून एक नाव दिलं, तर तेच कोणाच्या तोंडी बसेना.

विचार करता करता लक्षात आलं, की आपल्या स्वयंपाकघरात क्रियापदंच खुंटीला टांगलेली असतात. लाटायचं ते लाटणं, उलथायचं ते उलथनं, गाळायचं ते गाळणं. किसते ती किसणी, चाळते ती चाळणी. कामाचं नाव तेच वस्तूचं. माझ्या दांड्यावर पाच क्रियापदं भांडत बसली होती, त्याला हाक कोणत्या नावाने मारणार?

"मग विळीचं काय?" मी एकदा वाद घातला. "ती चिरते आणि नारळही खवते."

"चिरताना खवणी मध्ये येते का कधी?" बायको म्हणाली.

येत नाही. पातं चिरायला, खवणी पार टोकाला. विळी पायाखाली गप्प राहते, फिरते ती भाजी, आणि दोन्ही हात मोकळे राहतात. वाटीचं तर विचारूच नका. तिने बायको तांदूळ मोजते, लाटलेल्या पोळीतून पुऱ्या पाडते आणि तिच्याच बुडाने दाणे भरडते. वाटीने यातल्या कशाचंही ड्रॉइंग काढलेलं नाही.

पंचमुखी खणात गेलं. अर्धा उघडणारा खण आता पाव उघडू लागला.

दिवाळीनंतर चिवड्याच्या पितळी डब्याचं झाकण घट्ट बसलं. माझी हातोडी सापडेना. बायकोने पंचमुखीची कड फटीत घातली आणि किंचित दाबली. थालीपीठाला नडलेली तीच दोन मिलिमीटरची जाड, न लवणारी कड. टक्. झाकण वर आलं. पुढे साखरेचा डबा, मग रंगाचा डबा, मग शेजारच्या काकूंचा तुपाचा डबा. काकू तर ते मागून न्यायला लागल्या, आणि बायको "संध्याकाळपर्यंत परत हं" असं बजावू लागली.

परवा आतून हाक आली, "अहो, ते उघडणं द्या जरा."

उघडणं! लाटणं, उलथनं, गाळणं यांच्या पंगतीत त्याला पाट मिळाला होता. मी भारावून खणाला हात घातला. खण हलेना. पुन्हा ओढला, तरी हलेना.

उघडणं आतच अडकलं होतं.