किराणा घराणे

आमच्या मुलीच्या चौथ्या वाढदिवसाचं आमंत्रण म्हणजे बोटभर लांबीचा, पिवळट पुठ्ठ्याचा एक तुकडा होता. त्यावर छापल्यासारख्या अक्षरांत लिहिलं होतं : ‘हुबळी जं. ते चौथा वाढदिवस. बालक, एकमार्गी. सामान आणू नये.’ कडेला चिमट्यानं पाडलेलं अर्धगोल भोक. असली वीस तिकिटं, अनुक्रमांकासकट, जुन्या लग्नपत्रिका कापून तयार झाली होती. नीट बघितलं तर सात नंबरच्या पाठीवर कुणाचा तरी ‘शुभविवाह’ अर्धा शिल्लक होता.

तिकिटं केली होती स्टोअरकाकांनी. रेल्वेच्या स्टोअर्समध्ये उभी हयात गेली, म्हणून हे नाव. गल्लीतली मराठी पोरं त्यांना काका म्हणतात, कन्नड पोरं अज्जा म्हणतात, आणि पोरांच्या आया त्यांच्यामागे काय म्हणतात ते इथं लिहिण्यासारखं नाही. पुठ्ठ्याचं तिकीट एडमंडसन नावाच्या इंग्रज स्टेशनमास्तरनं काढलं आणि कॉम्प्युटरनं मारलं, ही हकीगत काका दर तिकिटामागे एकदा सांगतात. म्हणजे त्या आठवड्यात वीसदा सांगितली.

त्याचं असं झालं, की वाढदिवस करून देणाऱ्या एका माणसाकडून मी खर्चाचा अंदाज मागवला होता. फुग्यांची कमान, एक जादूगार, गालावर फुलपाखरू काढणारी एक मुलगी आणि प्रत्येक मुलाला ‘रिटर्न गिफ्ट’. अठ्ठावीस हजार. कागद हातात घेऊन मी कट्ट्यावर बसलो होतो. काका समोरून दूध घेऊन चालले होते. त्यांनी लांबूनच आकडा वाचला. पैशाचा आकडा त्यांना चष्म्याशिवाय दिसतो.

“काय करायलास रे? अठ्ठावीस हजार? ह्यात माझं लग्न झालं, दोन मुंजी झाल्या आणि वर गॅसचं कनेक्शन आलं. दे इकडं तो कागद.” कागद त्यांनी परत दिला नाही. त्याच्या कोऱ्या पाठीवर त्याच संध्याकाळी माझ्या मुलीच्या वाढदिवसाचं बजेट तयार झालं. एकूण आठशे चाळीस. त्यातले साठ ‘आकस्मिक’.

हुबळी-धारवाड हे किराणा घराण्याचं गाव. सवाई गंधर्व इथल्याच कुंदगोळचे, त्यांच्या नावाचं कलामंदिर आमच्या देशपांडे नगरात. गंगूबाई हनगलांचं ‘गंगालहरी’ हे घरही देशपांडे नगरातच. त्या हुबळीहून आगगाडीनं कुंदगोळला जाऊन सवाई गंधर्वांकडे शिकल्या, हे काका रेल्वेचं कर्तृत्व म्हणून सांगतात. काका स्वतःही याच घराण्याचे, फक्त त्यांचा किराणा अक्षरशः किराणा. चुरमुरे, पुठाणी, गूळ, चिंच, सुतळी आणि काडेपेट्या, एवढ्या सहा सुरांत ते अख्खा वाढदिवस उभा करतात. आणि गायकी विलंबित. दुर्गदबैलला त्यांच्याबरोबर खरेदीला जाऊन बघावं. जी वस्तू घ्यायची नाही तिचा भाव ते आधी विचारतात. मग तिच्या शेजारचीचा. “एष्टु?” “ऐवत्तु.” मग दीर्घ शांतता. दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो, काका हलत नाहीत. वीस मिनिटांनी ते हव्या त्या वस्तूला नुसता स्पर्श करून खर्जात म्हणतात, “कडिमी माड्री.” एका सुतळीच्या गुंड्याला त्या दिवशी आम्ही पाऊण तास दिला. चार रुपये सुटले. येताना ऊन म्हणून मी रिक्षा केली, तर ते चालत आले आणि माझ्याआधी पोचले.

परतीच्या भेटीची त्यांची कमाल मर्यादा माणशी पंधरा रुपये. पूर्वी पाच होती. “डी.ए. वाढला तशी वाढवत आलो की,” असं ते सांगतात, आणि ते खरं आहे, महागाई भत्त्याचा हुकूम निघाला की दुसऱ्या दिवशी हिशेबाच्या वहीत मर्यादा सुधारलेली दिसते. पण पंधरा रुपयांत काहीही चालेल असं मात्र नाही. पहिला नियम, सगळ्या भेटी एका रंगाच्या. चार रंग ठेवले की वीस पोरांपैकी एकोणीस जणांना लालच पाहिजे असतो आणि विसाव्याची आई भांडायला येते. दुसरा नियम म्हणजे डबी. फोटोच्या रोलची काळी डबी, जी आता कुणाकडे सापडणार नाही, ती काकांच्या खिशात असते. जी वस्तू किंवा जिचा सुटा भाग त्या डबीत मावतो, ती तीन वर्षांखालच्या पोराच्या हातात द्यायची नाही, कारण जे डबीत जातं ते घशात जातं. मला आधी हा म्हातारपणाचा चाळा वाटला. मग कळलं की खेळणी तपासणारेही साधारण तेवढ्याच, सव्वा इंचाच्या नळकांड्यानं हेच बघतात. फुटक्या फुग्याच्या चिंध्या मात्र डबीशिवायच वर्ज्य. फुगा फुटला की काका खेळ थांबवतात आणि सगळे तुकडे गोळा होईपर्यंत शिट्टी देत नाहीत.

1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आय.एस.आय.चा शिक्का सक्तीचा झाला, तेव्हापासून तर काका दुकानात पंधरा रुपयांचा प्लास्टिकचा बेडूक उलटा करून भिंगातून शिक्का शोधतात. तो अर्थातच सापडत नाही. “शिक्का एल्लीद?” असं ते विचारतात, दुकानदार आकाशाकडे बघतो. म्हणून हल्ली त्यांनी प्लास्टिकचा नादच सोडला. 1 जुलै 2022 ला सरकारनं फुग्याच्या प्लास्टिकच्या काड्या, सजावटीचा थर्मोकोल, प्लास्टिकचे चमचे-ताटल्या बंद केल्या, तेव्हा काका पेपर घेऊन घरोघर फिरले. पळसाच्या पत्रावळीवर पोरांना खायला घालतो म्हणून गल्ली त्यांना हसत होती. “आता सरकार माझ्या लायनीवर आलं,” एवढंच ते म्हणाले.

आमच्या वाढदिवसाची भेट होती चौकाबारा. लग्नपत्रिकांच्या पाठीवर आखलेला पाच गुणिले पाच घरांचा पट आणि कवड्यांऐवजी चार चिंचोके. चिंचोका एका बाजूनं दगडावर घासायचा, काळं साल जाऊन आतला पांढरा भाग दिसेपर्यंत. चारही पांढरे पडले तर चौका, चारही काळे पडले तर बारा, आणि बारा म्हणजे आठ. हे ‘बारा म्हणजे आठ’ मला लहानपणी कळलं नव्हतं, आजही कळलेलं नाही. दर पटाला चार म्हणजे ऐंशी चिंचोके झाले. काका तीन दुपारी पायरीवर बसून ते घासत होते. चिंचोका बोटाच्या चिमटीत, त्यावर थेंबभर पाणी, आणि पुढे-मागे, पुढे-मागे. पायरीवर पिठासारखा पांढरा थर जमला होता. घासून झाला की चिंचोका धोतराला पुसून उन्हाकडे धरायचे, कडा टोचत नाही ना हे गालावर फिरवून बघायचे, आणि टोचली तर पुन्हा दगडावर. ऐंशीतले तेरा त्यांनी नापास केले. आलेल्यांपैकी तिघं जण तीन वर्षांखालचे होते. त्यांचे चिंचोके आयांच्या हातात मोजून गेले, वहीत सही घेऊन.

वहीचं सांगायलाच हवं. काकांनी दिलेल्या प्रत्येक भेटीच्या बुडाला टाचणीएवढा आकडा असतो, स्टोअर्सची सवय. या आकड्यांमुळे आमच्या नगराचा एक गुप्त इतिहास त्यांच्यापाशी जमा आहे. 2016 साली त्यांनी दिलेली एक कंपासपेटी 2019 साली त्यांच्याच नातवाला कुणीतरी भेट दिली. काकांनी बूड बघितलं, वहीत बघितलं, आणि मधली दोन घरं कुठली असावीत ते पाहुण्यांच्या यादीवरून काढलं. पेटी त्यांनी परत तिसऱ्याला दिली. “माल फिरता राहिला पाहिजे. पडून राहिला की गंजतो,” हे त्यांचं मत. वाणाचं तरी दुसरं काय होतं? हळदीकुंकवाला लुटलेल्या वाट्या-चाळण्या किती घरं फिरून आपल्याच फडताळात येतात, हे आयांनी आठवून बघावं आणि मग काकांना नावं ठेवावीत.

वाढदिवसाबद्दल त्यांचा एक सिद्धान्त आहे, की तो बोरन्हाणाचा बिघडलेला अवतार. संक्रांतीनंतर पोराला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवावं, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, शेंगा ओताव्यात आणि बाकीच्या पोरांनी झुंबड करून वेचावं. “खेळ तोच, खाऊ तोच, भेट तीच. एका मापट्यात तीन कामं. ह्याच्यावर इंग्रजांना सुचलं काय, तर मेणबत्ती विझवायची!” आमचा वाढदिवस ऑगस्टात, बोरं कुठली? तरी काकांनी चुरमुरे, शेंगा आणि लिमलेटच्या गोळ्या ओतल्याच. गोळ्या आधी डबीत घालून बघितल्या होत्या, त्या मावल्या, म्हणून लहानग्या तिघांना गोळ्याही नाहीत आणि शेंगाही नाहीत. उरलेले चुरमुरे झाडून, चाळून अंगणात चिमण्यांना गेले. खायच्या गिरमिटाचे चुरमुरे वेगळे होते, असं काकूंनी मला दोनदा सांगितलं. मी एकदाच विचारलं होतं.

खेळांना मात्र त्यांच्याकडे तोड नाही. गार्डाचे लाल-हिरवे बावटे काढले, शिट्टी मारली. हिरवा दाखवला की पळायचं, लाल दाखवला की जिथं असेल तिथं पुतळा. पोरं अर्धा तास घामाघूम. जो हलला तो बाद होत नाही, तो ‘यार्डात’ जातो आणि पुढच्या शिट्टीला परत येतो. चार वर्षांच्या पोराला बाद केलं की ते रडतं, आणि एक रडलं की वीस रडतात, हे काकांना कुठल्याही पुस्तकाशिवाय ठाऊक. मग ताटातल्या वस्तूंचा खेळ. काकूंच्या स्वयंपाकघरातल्या बारा वस्तू ताटात मांडायच्या, पंच्यानं झाकायच्या, हळूच एक काढायची, काय गेलं ते पोरांनी ओळखायचं. पळी गेली, लाटणं गेलं, शेवटी काकांचा चष्मा गेला. तो पोरांनी ओळखला, पण परत कुणी ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी चुरमुऱ्यांच्या डब्यात सापडला.

पार्सल फिरवायचा खेळ आकाशवाणी धारवाडवर. पार्सलाला ‘संयुक्त कर्नाटक’ आणि ‘तरुण भारत’ची आलटून पालटून वीस वेष्टनं, कारण पोरं वीस, आणि प्रत्येक घडीत एक राजगिऱ्याचा लाडू. काका रेडिओच्या बटणावर हात ठेवून पोरांकडे पाठ करून बसतात. समोर भिंतीवर आरसा आहे, हे पोरांना माहीत नाही. ज्याला अजून लाडू मिळाला नाही त्याच्यापाशीच आवाज बंद होतो. मी हे पकडल्यावर म्हणाले, “गाडी कुठं थांबवायची ते गाडीतल्या लोकांना विचारत नसतात.” त्या दिवशी मध्येच सिनेगीत संपून विलंबित ख्याल लागला. पोरांनी काही न सांगता पार्सल हळू फिरवायला सुरुवात केली. एक हात पुढे, थांब, दुसरा हात. तेवढी पाच मिनिटं घरात इतकी शांतता होती की शेजारचे चौकशीला आले.

काका कधी चुकतच नाहीत असं नव्हे. एकदा त्यांनी वीस पोरांना वीस पिपाण्या वाटल्या होत्या. माणशी सहा रुपये, एक रंग, डबीत न मावणाऱ्या. ज्या नगरात पहाटे तंबोरे जुळत त्या नगरात आठवडाभर सकाळी सहापासून वीस पट्ट्यांत कलकलाट. आठव्या दिवशी काकांनी घरोघर जाऊन एका पिपाणीला दोन पेन्सिली या भावानं सगळा माल परत घेतला. एकोणीस आल्या. विसावी अजून वाजते.

आणि केक. काकूंनी औक्षण केलं, दिवा कुणी विझवला नाही, डब्यातून उलटा काढलेला केशरी शिरा केक म्हणून समोर आला आणि माझ्या मुलीनं भोकाड पसरलं. तिला गुलाबी पाहिजे होता, वर शिंगवाला घोडा असलेला. काका उठले, काही न बोलता बाहेर गेले. आले ते हातात खोका घेऊन. घोडा नव्हता, पण गुलाबी होता. बजेटातले ‘आकस्मिक’ साठ आणि खिशातले किती कोण जाणे. वहीत मी नंतर गुपचूप बघितलं : ‘केक 1. साठ.’

मग गेल्या महिन्यात ते पासावर बेंगळुरूला गेले, धाकट्या नातवाच्या पाचव्या वाढदिवसाला. मुलानं हॉल घेतला होता, जादूगार होता, सगळं होतं. काय झालं, कसं झालं, काही बोलले नाहीत. परत आल्यावर पायरीवर बसून पिशवी सोडली. न फुटलेले फुगे, गुंडाळलेल्या रिबनी, एकदाच पेटलेल्या मेणबत्त्या, चमकी कागद इस्त्री केल्यासारखा सरळ घडी घातलेला. एकेक मोजून वहीत ‘जमा’ लिहिलं. शेवटच्या रकान्यात शेरा घालायची स्टोअर्सची पद्धत. चष्मा पुसून त्यांनी लिहिलं :

‘मुले भेटींच्या रिकाम्या खोक्यांत बसून गाडी गाडी खेळली. खोकी मोठी, नग 6. आणता आली नाहीत. डब्यात जागा नव्हती.’