ध्रुवीय जहाजाच्या फाइलताईंस

श्रीमती फाइलताई,


भारताच्या स्वतःच्या ध्रुवीय संशोधन जहाजासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१४ साली सुमारे १,०५१ कोटी रुपये मंजूर केले आणि आपली टेबलयात्रा सुरू झाली. टेंडर निघाले, गोदी टेंडरात नसलेल्या अटी घालू लागली, ती बाद झाली, आपण पुन्हा पहिल्या टेबलावर विसावलात. २०२३ पर्यंत आपला आकडा २,६०० कोटींवर गेला होता. एकही पत्रा न कापता दीड हजार कोटींचे बाळसे धरायचे, हे येरागबाळ्याचे काम नव्हे!

आणि काटकसरीत तर आपला हात कोण धरणार? डिसेंबर १९८१ मध्ये डॉ. कासिम यांची पहिली भारतीय तुकडी गोव्याहून अंटार्क्टिकाला निघाली ती ‘पोलर सर्कल’ या भाड्याच्या नॉर्वेजियन जहाजातून. तेव्हा ते ठीकच होते. आधी पोहोचायचे होते. पुढे तिथले भारताचे ‘दक्षिण गंगोत्री’ केंद्र बर्फात गाडले गेले, १९८९ साली ‘मैत्री’ आणि २०१२ साली ‘भारती’ ही केंद्रे आली, जहाज मात्र अजून भाड्याचेच. या दोन केंद्रांत सुमारे तीन हजार किलोमीटरचे अंतर. तिथल्या उन्हाळ्याच्या मोजक्या आठवड्यांत दोन्हीकडे डिझेल, धान्य, यंत्रे, माणसे पोहोचवायची आणि समुद्र गोठायच्या आत निघायचे. मालवाहू जहाजाचा कप्तान समुद्रतळाचा गाळ काढायला दोन दिवस कशाला थांबेल? सामान पोहोचते, समुद्राचा अभ्यास राहतो. न झालेल्या मोजणीचे बिल कुठल्याच लेखापरीक्षकाकडे जात नाही, हे आपण बरोबर हेरलेत.

‘बर्फावर एवढा पैसा कशाला?’ हे मात्र वास्कोच्या ध्रुवीय केंद्रातल्या शास्त्रज्ञांनाच विचारले जाते. (आपल्याला कोण विचारणार? आपण ‘विचाराधीन’!)

चीनने १९९३ साली युक्रेनकडून एक जहाज घेतले, २०१९ साली घरच्या गोदीत बांधलेले दुसरे कामाला लावले. उतावळे लोक.

जून २०२५ मध्ये कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीने नॉर्वेच्या काँग्सबर्ग कंपनीशी आपल्या जहाजाच्या आराखड्यासाठी सामंजस्य करार केला. नुसतेच सामंजस्य आहे, तेव्हा आपल्या प्रकृतीला मानवेल. पुढच्या खेपेला वाढीव आकडा घेऊन याल तेव्हा १९८१ पासून भरलेल्या भाड्याची बेरीजही सोबत आणा. दोन्ही कागद एकाच टाचणीत लावून द्या.

आपला,
एक करदाता